वरच्या मजल्यावरचं वॉश अप

तो शब्द आमच्या घरात आला त्या संध्याकाळी मी मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा मोडत बसले होते. हे वरच्या मजल्यावरून उतरले, चपला दारात काढल्या आणि पाणीही न मागता माझ्यासमोरच्या खुर्चीवर येऊन बसले.

"वॉश अप म्हणजे काय, सांग बरं," हे म्हणाले.

"धुणं."

"काय धुणं?"

"मले काय माहीत. कपडे असतील."

"चूक. भांडे. इंग्लंडमधे वॉश अप म्हणजे जेवण झाल्यावर भांडे घासणं. अन् अमेरिकेत वॉश अप म्हणजे हात-तोंड धुणं. आता पाहाय, इंग्लंडमधल्या पाहुण्याले आल्या आल्या म्हणलं, वॉश अप करून घ्या, तर त्याले वाटंल, जेवू घालायच्या आधीच भांडे घासायले लावून राहिले."

आणि हे हसले. गंमत सांगून स्वतःच हसणं हा यांचा स्वभाव नव्हता. मी शेंग मोडायची थांबले.

"मॅडम सांगत होत्या," हे म्हणाले.

आमची मुलगी इंग्लंडमधल्या एका लहान गावात राहते. लग्न होऊन गेली आणि तिथंच नोकरीला लागली. तिला दिवस गेले तेव्हा तिनं आम्हा दोघांना बोलावलं, बाळंतपणाच्या आधी या आणि चार-सहा महिने राहा म्हणून. हे नुकतेच रिटायर झाले होते. यांची सगळी नोकरी रायपुरातल्या भनपुरीकडच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. ट्रकवाल्यांशी हिंदी आणि कागदावर इंग्रजी. त्यामुळे इंग्रजी यांच्या हातात होतं, तोंडात नव्हतं. तिकडे जाऊन मुक्यासारखं बसायचं का, या काळजीनं हे रोज संध्याकाळी पाचला वरच्या मॅडमकडे जायला लागले.

मॅडम मूळच्या केरळच्या, पण सगळं आयुष्य रायपुरात गेलेल्या. एका शाळेत इंग्रजी शिकवायच्या. शाळेनं तरुण शिक्षक घेतले तेव्हा त्या घरी बसल्या. नवरा फार आधीच वारलेला, मूल नाही. बारीक कापलेले केस, कडक इस्त्रीची सुती साडी. जिन्यात भेटल्या की नमस्ते म्हणताना पूर्ण थांबायच्या. आमच्या बिल्डिंगमध्ये नमस्तेसाठी थांबणारं दुसरं कोणी नाही. तोवर मला त्या आवडायच्या.

"मी पण येते," मी यांना पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. "मले पण तर बोलावं लागंल तिथं."

"तुले कोणाशी बोलायचं आहे? तू पोरीजवळच राहशील. बाहेरचं तर मलेच पाहावं लागंल."

मी बी.ए. झालेली आहे, तेही इंग्रजी विषय घेऊन. हे बी.कॉम. मी त्याची आठवण करून दिली नाही. वर्गात आपण नको आहोत हे कळल्यावर कोण पदवी काढून दाखवतं.

आधी हे सकाळी एकदा दाढी करायचे. आता पाच वाजायच्या आधी पुन्हा आरशासमोर उभे राहू लागले. स्टोअरच्या नोकरीत यांनी कधी इस्त्रीचा आग्रह धरला नव्हता, तो आता धरला. मुलीचा व्हिडिओ कॉल आला की ती विचारायची, "पापा, कहीं जा रहे हो क्या?" हे म्हणायचे, "क्लासले." ती हसायची. "मम्मी, ध्यान रखना." ती थट्टा होती, पण मला त्या थट्टेनं रात्रीचा घास उतरायचा नाही.

मला शर्टाचं आणि दाढीचं एवढं वाटलं नसतं. मला लागलं ते यांचं बोलणं. इतक्या वर्षांत जेवताना आमच्यात भाजीतलं मीठ, लाइटचं बिल आणि पोरीची तब्येत यापलीकडे विषय गेला नव्हता. आता हे वरून यायचे आणि बोलत सुटायचे. ताटातला हात वाळून जायचा तरी उठायचे नाहीत. आणि मीही ऐकत बसायचे. मला ते ऐकायला आवडत होतं, हेच अवघड होतं. सगळं ताजं वर वाढलं गेलेलं असायचं आणि उरलेलं झाकून माझ्यासाठी खाली यायचं.

एकदा सांगू लागले, समुद्राच्या लाटेनं काठावर काही आणून टाकलं तर त्यालाही वॉश अपच म्हणतात. मॅडमच्या गावी समुद्र आहे. त्या लहान असताना काठावर लाकडं यायची, चपला यायच्या, आणि एकदा तर अख्खी खुर्ची आली होती. त्यांचे वडील मग कितीतरी वर्षं त्या खुर्चीवर बसायचे.

"मले पण जगन्नाथपुरीले शंख सापडला होता," मी म्हटलं. "आपण पोरीले घेऊन गेलो होतो तेव्हा. तुम्हीच तर वाळू झटकून देली होती."

"हव का?" हे म्हणाले, आणि पुन्हा खुर्चीकडे वळले. तिचा एक पाय मोडका होता, तो वडिलांनी कसा बसवला, ते सगळं सांगितलं.

त्या रविवारी मी पातोड्यांची, बेसनाच्या वड्यांची, रस्साभाजी केली. एक वाटी भरून, झाकण घालून मी पाच वाजून गेल्यावर वर गेले. शेजारधर्म म्हणून जातेय, असं मी स्वतःला सांगितलं होतं. दार उघडंच होतं, पडदा बाजूला सारलेला. आतून नळाचा आवाज येत होता.

हे सिंकसमोर उभे होते. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात साबणाच्या फेसानं भरलेला कप. शेजारी मॅडम, हातात टॉवेल. यांनी कप विसळून त्यांच्याकडे दिला, त्यांनी तो पुसून उपडा ठेवला.

"व्हॉट आर यू डुइंग, सर?" मॅडमनी विचारलं.

"आय ऍम वॉशिंग अप," हे म्हणाले. अगदी हळू, एकेक शब्द बशीसारखा जपून ठेवत.

"व्हॉट हॅव यू वॉश्ड?"

"आय हॅव वॉश्ड टू कप्स अँड वन... वन..."

"सॉसर."

"सॉसर."

माझ्या घरात या माणसानं प्यालेला पाण्याचा ग्लाससुद्धा कधी विसळला नव्हता. माझं पोट फाडून मुलगी काढली तेव्हाही यांच्या आईनं गावाहून येऊन भांडी घासली होती. मी वाटी जेवणाच्या टेबलावर ठेवली. मॅडमनी वळून पाहिलं, "अरे भाभीजी, आइए ना," म्हणाल्या. यांचे हात फेसातच राहिले. मी "गॅस चालू आहे" म्हणून खाली उतरले. गॅस बंद होता.

हे खाली आले तेव्हा मी गॅलरीत बसले होते.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग अशी काहून बसून राहिली?"

"हात दुखून राहिले. भांडे घासून."

यांनी दुमडलेल्या बाह्या खाली केल्या. मग म्हणाले, "अगं, ते प्रॅक्टिकल आहे. करता करता बोललं की तोंडात बसते, मॅडम म्हणतात."

"मग इथं नाही बसत का तोंडात?"

"इथं इंग्रजीत कोण विचारणार?"

त्या दिवशी जेवण झाल्यावर मी ताटं सिंकमध्ये ठेवली आणि तशीच सोडली. आमच्याकडे भांडेवाली फक्त सकाळी येते, रात्रीची भांडी मी करते. मी समोर बसून वाट पाहिली. हे स्वयंपाकघरात गेले, मला नळ सुटल्याचा आवाज आला, आणि माझ्या छातीत काहीतरी मऊ झालं. यांनी ताटांवर पाणी सोडलं होतं. बाहेर येऊन म्हणाले, "भिजवून ठेवले. बाई येईल तं घासंल सकाळी."

चार-पाच दिवसांनी हे जरा गप्प असे खाली आले. जेवताना म्हणाले, "वॉश्ड अपचा अजून एक अर्थ आहे. माणूस वॉश्ड अप म्हणजे संपलेला. ज्याचं काम सरलं तो."

"हे कशावरून निघालं?"

"मॅडम स्वतःलेच म्हणत होत्या. शाळेनं घरी बसवलं तेव्हापासून मी वॉश्ड अप आहे म्हणे." हे थांबले. "मी म्हटलं, नो मॅडम. यू आर नॉट. मले लगेच सुचलं ते, इंग्रजीत."

आम्ही ब्राह्मणपाऱ्यात भाड्याच्या घरात राहत होतो तेव्हा मी शिवणाचा क्लास चालवायचे. पुढच्या खोलीत मशीन, पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, मुली जमिनीवर कापड पसरून बसायच्या. अस्तर, हुक, लेस मी स्वतः गोल बाजारात फिरून निवडायची. माझ्याकडे शिकलेल्या मुलींची आता स्वतःची दुकानं आहेत. आम्ही या फ्लॅटमध्ये आलो, मुलींना इतक्या लांब येणं जमेना, आणि क्लास हळूहळू बंद पडला. मशीन न्यायला माणूस आला त्या दिवशी हे म्हणाले होते, "बरं झालं. घरातल्या चिंध्या संपल्या."

"अन् मी?" मी विचारलं.

"तू काय?"

"मी वॉश्ड अप आहे का नाही?"

हे माझ्याकडे पाहत राहिले. खरंच कळलं नव्हतं यांना. "तुले काय झालं? तू तर दिवसभर कामातच असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे भाजी आणायला गेले आणि मी वर गेले. काय बोलायचं ते मी हिंदीत जुळवून ठेवलं होतं. आमच्या घरचा माणूस आहे, त्याच्याकडून अशी कामं करवून घेऊ नका, लोक बघतात. मॅडमनी दार उघडलं, पातोड्यांची वाटी धुऊन पुसून ठेवली होती ती आधी माझ्या हातात दिली, आणि त्यात थोडे केळ्याचे वेफर्स घातले. वाटी हातात असताना भांडायचं कसं, मला कळेना. तरी मी बसले आणि विचारलं, "आप उनसे बर्तन क्यों धुलवाती हैं?"

त्या हसल्या नाहीत. "पहले दिन चाय पी और कप कुर्सी के नीचे रख दिया. मैंने कहा, सर, मेरे घर में जो पीता है वही धोता है. फिर सोचा, चलो, क्लास इसी से शुरू करते हैं. मुझे लगा घर पर भी धोते होंगे."

"घर पर तो गिलास भी नहीं धोते."

त्यांनी वेफर्सच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "आपको बुरा लगा."

"हव," मी म्हटलं.

"भाभीजी, पाँच बजे कोई आता है, ये मुझे अच्छा लगता है. इसके लिए सॉरी नहीं बोलूँगी. बर्तन के लिए बोल सकती हूँ."

त्यांनी गोड बोलून मला गुंडाळलं असतं तर मी नक्की भांडले असते. संशय खोटा आहे म्हणाल्या असत्या, तरी भांडले असते. पण त्या जे होतं ते सांगून मोकळ्या झाल्या. यांच्या येण्यात त्यांना आनंद होता, आणि माझ्या मनात जे जळत होतं ते उगीच जळत नव्हतं, एवढं मला त्यातून मिळालं.

"मुझे भी सिखाइए," मी म्हटलं. हे मी ठरवून आले नव्हते. "सुबह. अकेले. उनको मत बताइए."

तशी माझी शिकवणी सुरू झाली. हे पिशवी घेऊन बाजाराकडे गेले की मी जिना चढायची. पहिल्या दिवशी चहा झाल्यावर मॅडम सिंककडे वळल्या, तेव्हा मी सांगून टाकलं, "मैं बर्तन धोना सीखने नहीं आई." या वेळी त्या हसल्या. कप त्यांनी घासले, मी पुसले, आणि काय पुसतेय ते इंग्रजीत सांगितलं. कॉलेजात शिकलेलं इतकं आत कुठंतरी पडून होतं, की एकेक शब्द वर आला की मलाच नवल वाटायचं.

जळणं मात्र थांबलं नाही, त्यानं फक्त तोंड फिरवलं. काल संध्याकाळी यांना काय काय सांगितलं, हे मी मॅडमना खोदून विचारायची. मला न सांगितलेली एखादी गोष्ट यांना सांगितलेली निघाली की माझा चेहरा उतरायचा. मी एकदा त्या खुर्चीचं विचारलं. त्यांनी सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "अम्मा उस पर कभी नहीं बैठीं. कहती थीं, समुद्र का सामान है, वो कभी भी वापस माँगेगा."

"ये उनको बताया?"

"नहीं. सर ने अम्मा का पूछा ही नहीं."

मी ती गोष्ट खाली घेऊन आले आणि यांना सांगितली नाही. अजूनही सांगितलेली नाही.

एका रात्री जेवण होत आलं असताना मी म्हटलं, "हू इज गोइंग टू वॉश अप टुनाइट?"

यांचा घास हातात राहिला. "हे कोणी शिकवलं तुले?"

"मॅडमनं."

"कधी?"

"सकाळी. तुम्ही भाजीले जाता तेव्हा."

"मॅडम मले बोलल्या नाहीत."

"मीच म्हटलं होतं, नका सांगू."

"अन् काय बोलता तुम्ही दोघी?"

"बोलतो. काय बोलायचं ते."

यांच्या तोंडावर जे आलं ते मी चांगलं ओळखत होते, कित्येक दिवस आरशात पाहिलेलं होतं. मला इतकं बरं वाटलं की मी अर्धी भाकर जास्त खाल्ली. हे उठले, सिंककडे गेले आणि आपलं ताट घासलं. फक्त आपलं. माझं तिथंच राहिलं.

मग आम्ही इंग्लंडला गेलो. नात झाली. बाळाला तपासायला घरी नर्स यायची. पहिल्या दिवशी दार यांनी उघडलं, पाठ केलेलं स्वागत नीट म्हटलं. नर्सनं पुढे बाळ दूध किती वेळानं पितं, पिवळं दिसतं का, असं भराभर विचारलं, तेव्हा हे लाल होऊन माझ्याकडे पाहू लागले. उत्तरं मी दिली. ती मलाच विचारत राहिली. हे मागे उभे राहून मान हलवत होते.

पण त्याच दिवशी जेवणानंतर जावई भांडी घासायला उठला आणि हे त्याला खांद्याला धरून बसवून स्वतः उभे राहिले. बाह्या दुमडल्या. मुलगी बाळ घेऊन सोफ्यावर होती, ती तशीच उठली. "पापा? आप?" तिनं व्हिडिओ काढला, नागपूरच्या माझ्या नणंदांना पाठवला. त्यांनी यांचं इतकं कौतुक केलं की जावई वाचता वाचता थकला. मी त्या घरात पहाटेपासून डिंक तळत होते, बाळंतिणीचं वेगळं शिजवत होते, लंगोट वाळत घालत होते. माझा व्हिडिओ कोणाला सुचला नाही.

"मम्मी, ये आपने सिखाया?" मुलीनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "वरच्या मॅडमनं."

मग रोज तेच. आधी ग्लास, मग चमचे, मग ताटं, तेलकट कढई शेवटी. हा क्रम मॅडमचा होता, मी वर पाहिलेला. यांचे हात तो इतक्या सवयीनं करायचे की त्या दिसायच्या नाहीत तरी तिथं असायच्या. मी दोन आठवडे सोसलं. एका संध्याकाळी उठले आणि सिंकजवळ गेले.

"कढई आधी घासा."

"मॅडम म्हणतात, कढई..."

"हे माझ्या पोरीचं घर आहे. कढई आधी."

हे माझ्याकडे पाहत राहिले. वाद घालतील असं मला वाटलं. यांनी हातातला ग्लास बाजूला ठेवला आणि कढई घेतली. तिथं ते लोक सिंक भरून त्याच पाण्यात घासतात. कढईचं तेल सगळ्या पाण्यावर पसरलं, आणि मग एकेक ग्लास चिकट होऊन बाहेर आला. यांनी बूच काढलं, पाणी सोडून दिलं, नवीन भरलं. मी टॉवेल घेतला आणि ग्लास पुसायला उभी राहिले. मॅडमचीच पद्धत बरोबर होती, हे मला कढई म्हणतानाही माहीत होतं. यांनाही होतं. तरी मी म्हटलं आणि यांनी केलं, आणि त्या संध्याकाळी मला कोणाचा हेवा वाटला नाही.

परत यायच्या आधी आम्ही गावातल्या दुकानांतून हिंडलो. मी मॅडमसाठी बिस्किटांचा एक देखणा डबा घेतला. रायपुरात येऊन बॅगा उघडल्या तेव्हा यांच्या कपड्यांतून एक टॉवेल निघाला, भांडी पुसायचा, निळ्या चौकडीचा. यांनी त्याची घडी नीट केली आणि टेबलावर ठेवली.

संध्याकाळी मी केस विंचरले, साडी बदलली आणि डबा हातात घेतला. हे खुर्चीवरून उठू लागले.

"तुम्ही उद्या जा," मी म्हटलं. "आज मी जाऊन राहिली."

"मग टॉवेल तरी घेऊन जाय."

"तुमचं तुम्ही द्या."

हे पुन्हा बसले. मी चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि वर गेले.